ऊसतोड कामगारांच्या कल्याणाचे धोरण ठरवताना त्यांना विचारा : शासनास आणि महामंडळास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच मा. अध्यक्ष व संचालक मंडळ, लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ

विषय : कल्याणाच्या योजना ठरवण्याच्या प्रक्रियेत ऊसतोड कामगारांना, विशेषतः महिलांना, हक्काचे स्थान देण्याबाबत

महोदय/महोदया,

ऊसतोड कामगारांसाठी स्वतंत्र महामंडळ असावे ही मागणी कित्येक वर्षे भाषणांपुरतीच राहिली होती. आज ते महामंडळ अस्तित्वात आहे आणि त्याला निधीचा बांधील स्रोतही मिळाला आहे, ही लहान गोष्ट नव्हे. गाळप झालेल्या उसाच्या दर टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी, असे ठरले आहे. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे मंजूर झाली. ग्रामसेवकामार्फत कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचा निर्णयही झाला. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करून मी निवृत्त झाले. आईबापांबरोबर मुले ऊसतोडीला गेल्याने दिवाळीनंतर रिकामे होणारे वर्ग मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत, त्यामुळे या निर्णयांचे मोल मला कळते आणि ते नाकारण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. या सगळ्या योजना कशा असाव्यात, कोणती आधी आणि कोणती नंतर, कोणत्या अटीवर आणि कोणाच्या नावाने, हे ठरत असताना कोयता चालवणारी माणसे कुठे होती? ती उसाच्या फडात होती. आणि पुढची धोरणे ठरवण्याची पद्धत बदलली नाही, तर पुढेही ती फडातच असतील.

प्रथम वेळापत्रकाचे पाहू. लोकांनी आपले म्हणणे मांडण्याची सर्वांत जवळची जागा म्हणजे ग्रामसभा. आपल्याकडे रूढ असलेल्या ग्रामसभेच्या चार तारखांपैकी २६ जानेवारीला केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली आणि शेजारच्या पाथर्डीतली अनेक गावे अर्धी ओस असतात. त्या गावांतली कर्ती माणसे तेव्हा सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर किंवा थेट बेळगावकडच्या फडात असतात, आणि गावातल्या सभेत पुढच्या वर्षाची कामे मंजूर होत असतात. एखाद्या मसुद्यावर ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात त्याही राजपत्रातून, संकेतस्थळावरून किंवा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून, ठरावीक दिवसांच्या मुदतीत आणि लेखी. पहाटे तीन-चारला उठून फड गाठणाऱ्या आणि अंधार पडल्यावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, परतून चूल पेटवणाऱ्या बाईने ही सूचना कधी वाचावी, कशावर लिहावी आणि कोणाच्या हाती पाठवावी, याचा विचार ती सूचना काढणाऱ्याने केलेला नसतो. एरवी या लोकांचे वेळापत्रक सरकारदरबारी कोणाला ठाऊक नसते असेही नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि गाळप त्याआधीच, १५ नोव्हेंबरला सुरू होणार होते, तेव्हा मजुरांच्या टोळ्या हलल्या तर मतदान बुडेल म्हणून हंगाम पुढे ढकलण्याची मागणी जोरात झाली होती. मत हवे असले की टोळी कधी निघते हे सगळ्यांना बरोबर आठवते.

एका तालुक्याच्या ठिकाणी कामगारांची मते जाणून घेण्यासाठी भरलेल्या बैठकीला मी गेले होते. महिना जानेवारीचा, वेळ सकाळी अकराची. पुढच्या खुर्च्यांवर हंगामात गावाकडे फेरी मारायला आलेले मुकादम, म्हणजे मजुरांच्या टोळ्या जमवून नेणारे कंत्राटदार, होते, संघटनांचे पदाधिकारी होते, ग्रामसेवक आणि पंचायत समितीचे कर्मचारी होते. मागच्या रांगेत काही म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या. या वयात मोळी उचलवत नाही म्हणून त्यांना नातवंडे आणि म्हैस सांभाळायला गावात ठेवलेले होते. हजेरीपत्रकावर त्यांचे अंगठे घेतले गेले. निराधारचे पैसे वेळेवर येतात का, एवढे त्यांना विचारण्यात आले. पुढे इतिवृत्तात ‘महिला ऊसतोड कामगारांशी सविस्तर चर्चा करण्यात आली’ असे वाक्य उमटले. यात कोणी मुद्दाम लबाडी केली असे मी म्हणणार नाही. बैठक घ्यायची होती, ती घेतली गेली. परंतु ज्यांच्याशी बोलायचे ते त्या दिवशी तीनशे किलोमीटरवर होते, हे त्या सभागृहात कोणालाही खटकले नाही.

दुसरी गोष्ट नावाची. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्याचा होतो, आणि मुकादमाशी होणारा व्यवहार, लेखी असो वा तोंडी, बहुधा पुरुषाच्या नावाने होतो. बाई ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. त्याच्या आधी आणि नंतर स्वयंपाक, पाणी, सरपण आणि लेकरे आहेतच. पण ती कामगार आहे याचा पुरावा कोणत्याही वहीत नसतो. ओळखपत्रासाठी मागच्या वर्षांच्या कामाची खातरजमा करायची वेळ येते तेव्हा ती शेवटी मुकादमाच्या शब्दावर येऊन थांबते, आणि मुकादम नाव सांगतो ते कोयत्याच्या धन्याचे. विधवा, परित्यक्ता किंवा नवरा आजारी असल्याने भावाबरोबर, दिराबरोबर अर्धा कोयता म्हणून जाणाऱ्या बाईची तर त्यात आणखी ओढाताण होते. नोंदणीचा नमुना तयार करण्याआधी अशा दहा बायांना बसवून नुसते विचारले असते की तुम्ही काम करता हे कशावरून सिद्ध कराल, तर त्यांनी अर्ध्या तासात चार मार्ग सांगितले असते. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या, फडात चिठ्ठ्या देणाऱ्या स्लिप बॉयची वही, सोबतच्या टोळीतल्या बायांची साक्ष, स्थलांतराच्या वेळी शाळेतून मुलांना दिलेले शिक्षण हमी पत्र, असे बरेच काही त्यांच्या अवतीभवती असते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य विभागाने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक महिलांचे सर्वेक्षण केले, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांची ‘पिशवी काढलेली’ आढळली. त्यानंतर खासगी रुग्णालयांत अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, आरोग्यपत्रिका असावी, अशा गोष्टीही पुढे आल्या. हे आवश्यकच होते. नफ्यासाठी तरण्या बाईच्या पोटाला सुरी लावणाऱ्या डॉक्टरला वेसण हवीच.

परंतु ज्या वाटेने बाई त्या डॉक्टरपर्यंत पोहोचते, ती वाट परवानगीच्या कागदाने बंद होत नाही. ती वाट फडातून सुरू होते. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, पण एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी जातेच, शिवाय दंडाची रक्कम उचलीच्या खात्यात चढते. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. अंघोळ पहाटेच्या अंधारात लुगड्याच्या आडोशाला करायची किंवा करायचीच नाही. पाळीत कापड बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही. महिन्यामागून महिने हे अंगावर काढलेली बाई गावी परतल्यावर दवाखान्यात जाते, तिथे कर्करोगाची भीती घातली जाते, आणि दोन-तीन लेकरे झालीच आहेत तर एकदाची कटकट मिटेल असे तिला स्वतःलाही वाटते. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बहुतेकींच्या बोलण्यात डॉक्टरचा उल्लेख नंतर येतो, आधी खाडा येतो आणि मग पाणी येते. धोरण त्यांच्या तोंडून लिहिले गेले असते तर खाडा बंद करणे हा त्यातला पहिला मुद्दा ठरला असता आणि परवानगी पुढे कुठेतरी आली असती.

संडासाचेही तसेच. कारखान्यांनी कामगारांसाठी शौचालये उभारावीत असे सांगितले जाते, आणि काही कारखाने ती उभारतातही, बहुधा कारखान्याजवळ बैलगाडीवाल्यांच्या तळावर. तिथल्या बायांना त्यांचा उपयोग होतो. पण ट्रॅक्टर-ट्रकबरोबर असणाऱ्या टोळ्या एका शिवारातून दुसऱ्या शिवारात सरकत राहतात, कधी रस्त्याकडेला तर कधी एखाद्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर उतरतात. त्यांच्यासाठी कारखान्यावरचे पत्र्याचे संडास असून नसल्यासारखे आहेत. हा फरक मंत्रालयात बसून कळणे अवघड आहे. कोणत्याही टोळीत संध्याकाळी जाऊन बसले तर तो कळायला वेळ लागत नाही.

इथे नेहमी एक आक्षेप घेतला जातो की कामगारांच्या संघटना आहेत, त्या बोलतातच. संघटनांचा लढा खरा आहे आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली आणि मुकादमाचे कमिशनही १९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले, ते संपाच्या इशाऱ्यामुळेच. तरीही त्या टेबलावर वाटाघाट होते ती प्रामुख्याने दर आणि कमिशन या दोन आकड्यांची, आणि तिथे बसणाऱ्यांत रोज कोयता चालवणारी बाई नसते. दराचा प्रश्न कारखानदार आणि संघटना यांच्यातल्या लवादाने सोडवावा, कल्याणाचा प्रश्न मात्र त्या टेबलावर उरलेल्या वेळेत सुटणारा नाही.

दुसरा आक्षेप अधिकारी खासगीत बोलून दाखवतात. या लोकांना विचारले की ते घरकुल, रेशन, निराधार असल्या वैयक्तिक गोष्टीच मागतात, धोरणात्मक काही बोलत नाहीत. मला हा आक्षेप उलटा वाटतो. ज्या माणसाला सरकार वर्षातून एकदा, तेही चुकून, भेटते, तो हाती लागलेल्या साहेबाकडे आधी रेशनचेच बोलणार. दुसऱ्या भेटीत तो रेशन का बंद पडते ते सांगेल. तिसऱ्या भेटीत काय करायला हवे ते सांगेल. त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीची तरतूद कोणत्याच योजनेत नसते, ही अडचण त्याची नव्हे.

याहून मोठी अडचण भीतीची आहे आणि ती लक्षात न घेता घेतलेली कोणतीही जनसुनावणी फसवी ठरेल. अंगावर लाख-दीड लाखाची उचल असलेला माणूस मुकादमासमोर मजुरीविषयी, मारहाणीविषयी किंवा डांबून ठेवल्याविषयी तोंड उघडणार नाही. मुकादम अनेकदा त्याच्याच गावचा, भावकीतला असतो. तोही कारखान्याच्या पैशात अडकलेला असतो, आणि टोळी पळाली तर त्याची जमीन जाते, म्हणून त्याला खलनायक ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. त्याचेही ऐकावे, मात्र वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या जागी. बायांचे ऐकताना घरचे पुरुषही समोर नसावेत. पाळी, गर्भपात, फडात होणारी छेडछाड यांविषयी सासऱ्यासमोर कोण बोलेल?

हे सगळे अशक्य आहे असे म्हणायला आपल्या राज्यात तरी जागा नाही, कारण दोन चांगले दाखले इथेच घडले आहेत. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्या कायद्यातल्या मंडळांवर कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी समसमान असावेत आणि शासनाचे प्रतिनिधी एकतृतीयांशापेक्षा अधिक नसावेत, असे कायद्यानेच घालून दिले आहे. म्हणजे पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला आपल्या भविष्य निर्वाह निधीच्या, सुट्टीच्या आणि दवाखान्याच्या निर्णयात मालकाच्या बरोबरीची खुर्ची मिळाली, तीही साडेपाच दशकांपूर्वी. त्या मंडळांत पुढे काय काय शिरले याची चर्चा वेगळी करता येईल, पण रचना आजही अनुकरणीय आहे. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला तशी खुर्ची नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा दाखला आरोग्याचा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, तेव्हाचा उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. गावातल्या लोकांनी स्वतः आपल्या आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरायचे, चांगले, बरे, वाईट असे रंग द्यायचे आणि मग जनसुनवाईत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसमोर आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. सुरुवातीला डॉक्टर मंडळी बिचकली. पुढे अनेक ठिकाणी त्यांच्या ध्यानात आले की औषधे येत नाहीत, पदे रिकामी आहेत, या त्यांच्याच तक्रारींना लोकांच्या तोंडून बळ मिळते आहे. ऊसतोडीच्या बाबतीत ग्रामसेवक आणि कारखान्याचे शेती अधिकारी यांनाही हाच अनुभव येऊ शकतो.

वसतिगृहांविषयी थोडेसे. पोर शाळेत राहावे असे फडातल्या आईबापांना वाटत नाही, हा समज चुकीचा आहे. वयात आलेली पोरगी मागे ठेवताना त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि कोयता पूर्ण व्हावा म्हणून होणाऱ्या बालविवाहांमागे पैशाबरोबर ही धास्तीही असते. मुलींच्या वसतिगृहाला बाई अधीक्षक आणि रात्री राहणारी बाई आहे का, आठवड्याला फोनवर बोलता येईल का, धाकट्या भावंडाला सांभाळायला दुसरी काही सोय आहे का, हे प्रश्न आया विचारतात. खाटांची संख्या ठरवण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे ठरली पाहिजेत, नाहीतर इमारत उभी राहील आणि पोरगी फडातच राहील.

आणि एक विषय असा आहे जो कल्याणाच्या यादीत कोणी धरतच नाही. २०२३ मध्ये ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदानाची योजना आली, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतले जे कमी असेल ते. मजूर मिळत नाहीत, तोडणी लांबते, शेतकऱ्याचे नुकसान होते, हे कारण खरे आहे. मी यंत्राच्या विरोधात नाही, हे काम माणसाच्या हातून जावे असेच मला वाटते. पण यंत्र आल्यावर कोयता ठेवणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न ज्याच्या हातून कोयता सुटणार त्याला विचारलेला मी तरी कुठे ऐकला नाही. यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण हवे का, गावात पाणी अडवण्याची आणि रोजगार हमीची कामे हवीत का, शेळीपालनाला भांडवल हवे का, याची उत्तरे गावागणिक निरनिराळी असतील, आणि म्हणूनच ती गावात जाऊन घेतली पाहिजेत.

आता माझ्या मागण्या. कामगार गावी असतात तेव्हा, म्हणजे साधारण ज्येष्ठापासून दसऱ्यापर्यंत, महामंडळाने प्रत्येक ऊसतोड तालुक्यात वाडी-तांड्यावर जाऊन सुनावण्या घ्याव्यात आणि पुढच्या वर्षाचा खर्चाचा आराखडा त्यांतून निघालेल्या अग्रक्रमानुसार करावा. हंगाम सुरू असताना निदान मोठ्या तळांवर आणि फिरत्या टोळ्यांत रात्री एकेक बैठक व्हावी, तीही कारखान्याच्या माणसाशिवाय. महिलांच्या बैठका महिला अधिकाऱ्यांनीच घ्याव्यात. बंजारा तांड्यावरच्या बैठकीत गोरमाटी बोलणारी, भिल्ल वस्तीवर भिली बोलणारी व्यक्ती असावी. जो बैठकीला येईल त्याची त्या दिवसाची मजुरी महामंडळाने द्यावी आणि त्याच्या नावे खाडा पडणार नाही याची हमी कारखान्याकडून लेखी घ्यावी. अधिकाऱ्याला दौऱ्याचा भत्ता मिळतो, तेव्हा यात संकोच वाटण्याचे कारण नाही. संचालक मंडळात प्रत्यक्ष कोयता चालवणाऱ्यांच्या जागा नियमाने राखून ठेवाव्यात, त्यांतल्या निम्म्या महिलांच्या असाव्यात आणि त्यांची निवड मंत्रालयातून नव्हे तर तालुक्याच्या मेळाव्यातून व्हावी. एकच बाई नेमून तिला एकटी पाडू नये. चार-पाच जणी एकत्र असल्या तरच त्या बोलतात, हे कोणत्याही बचत गटात पाहायला मिळेल.

ऐकलेल्या गोष्टींचे पुढे काय झाले हे सांगणे सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. कोणती मागणी मान्य झाली, कोणती झाली नाही आणि का झाली नाही, याचा एक पानाचा कागद तीन महिन्यांच्या आत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. ‘नाही’ हे उत्तर लोक पचवतात. उत्तरच येत नाही तेव्हा ते पुढच्या बैठकीला यायचे बंद होतात.

यंदाची पहिली सुनावणी दसऱ्याच्या आत एखाद्या वाडीवर ठेवावी, अध्यक्षांनी आणि विभागाच्या सचिवांनी स्वतः यावे, आणि त्या दिवशी विषय एकच असावा, तो म्हणजे खाडा. तारीख कळवल्यास वाडीवरच्या बायांना निरोप देण्याचे आणि बसायला सतरंज्या घालण्याचे काम आम्ही काही निवृत्त शिक्षिका करू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. बीड